गीताचे दुसरे प्रकाशन : पाश्चात्त्य पॉप गीतांच्या विलंबित लोकप्रियतेचा विचार

लोकप्रिय गीतांच्या यशापयशाविषयी दोन मते सामान्यतः मांडली जातात. गीत मुळात चांगले असेल तर ते आज ना उद्या लोकांच्या ओठी रुळणारच, हे पहिले मत होय. याच्या उलट, यश हे सर्वस्वी जाहिरातीचे व प्रसाराचे फळ असून गीताच्या गुणावगुणांशी त्याचा फारसा संबंध नसतो, असे दुसरे मत आहे. या दोहोंपैकी कोणतेही मत कसोटीला लावणे सोपे नाही. गीत एकदा प्रकाशित होते, लोक ते स्वीकारतात किंवा नाकारतात, आणि ते अन्य परिस्थितीत प्रकाशित झाले असते तर काय घडले असते, हे कळण्यास मार्ग उरत नाही.

परंतु काही गीतांच्या बाबतीत असा मार्ग उपलब्ध झालेला आहे. अमेरिकेत व ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रिकांच्या व्यापारासाठी रचलेल्या, बहुधा तीन-चार मिनिटांच्या गीतांना पॉप गीते ही संज्ञा आहे. त्यांच्या लोकप्रियतेची क्रमवारी दर आठवड्यास प्रसिद्ध होते. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाची यादी त्यासाठी प्रमाण मानली जाते. या गीतांपैकी काही प्रथम प्रकाशनाच्या वेळी दुर्लक्षित राहिली आणि पुढे पुनःप्रकाशित होताच यादीच्या शिखरावर पोहोचली. येथे शब्द, चाल व गायक ही अंगे बहुतांशी कायम राहतात. बदलते ती भोवतालची परिस्थिती. म्हणूनच भाषेच्या व अर्थाच्या अभ्यासकाला ही उदाहरणे आपोआप घडून आलेल्या प्रयोगासारखी उपयोगी पडतात.

या प्रयोगाची मांडणी करण्यास भारतीय साहित्यशास्त्रातील एक जुना विचार साहाय्यभूत होतो. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त वाच्यार्थापलीकडील अर्थ कशामुळे प्रतीत होतो, याची कारणे सांगितली आहेत. वक्ता, श्रोता, काकू म्हणजे स्वराची ढब, अन्यसन्निधी म्हणजे दुसऱ्या कोणाचे सान्निध्य, प्रस्ताव म्हणजे प्रसंग, तसेच देश व काल ही त्यांतील काही होत. वाक्य तेच असले तरी यांपैकी एखादे अंग पालटताच त्यातून निघणारा अर्थही पालटतो. मम्मटाचे विवेचन काव्यातील व्यंग्यार्थापुरते आहे. लोकप्रियतेचा प्रश्न त्याच्यासमोर नव्हता. तथापि पुनःप्रकाशित गीतांचे वर्गीकरण करताना याच अंगांचा आधार घेणे सोयीचे ठरते.

अन्यसन्निधीचे ठळक उदाहरण म्हणजे बिल हेली व त्याच्या ‘कॉमेट्स’ या वाद्यवृंदाचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हे गीत होय. 12 एप्रिल 1954 रोजी न्यूयॉर्क येथे त्याचे ध्वनिमुद्रण झाले. डेक्का कंपनीने त्याच वर्षीच्या मे महिन्यात ते तबकडीच्या दुय्यम बाजूवर प्रसिद्ध केले. मुख्य बाजूवर ‘थर्टीन विमेन’ हे दुसरेच गीत होते. गीताची विक्री बेताचीच झाली व ते मागे पडले. मार्च 1955 मध्ये रिचर्ड ब्रुक्स याने दिग्दर्शित केलेला ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्याच्या प्रारंभीच्या नामावलीवर हे गीत वाजले. डेक्काने तबकडी पुन्हा बाजारात आणली. जुलै 1955 मध्ये ती बिलबोर्डच्या यादीत प्रथम स्थानी गेली व तेथे आठ आठवडे राहिली. ब्रिटनमध्ये हेच गीत जानेवारी 1955 मध्ये 17 व्या क्रमांकावरून परतले होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते तेथेही पहिले झाले.

या गीताच्या शब्दांत बंडखोरीचा लवलेशही नाही. रात्रभर घड्याळाच्या ठोक्यांबरोबर नाचत राहण्याचा बेत, एवढाच त्याचा वाच्यार्थ आहे. चित्रपटाचा विषय मात्र शहरातील एका शाळेतील बेबंद विद्यार्थी व त्यांना आवरू पाहणारे शिक्षक हा आहे. एका प्रसंगात तर हे विद्यार्थी एका शिक्षकाने जिवापाड जपलेल्या जुन्या तबकड्या फोडून टाकतात. अशा कथेच्या सान्निध्यात नाचाचे साधे गीत एका पिढीची ललकारी म्हणून ऐकले जाऊ लागले. 1954 मध्ये ज्यांनी ते ऐकले त्यांना नाचाचा एक नवा ठेका मिळाला. 1955 मध्ये ज्यांनी ते ऐकले त्यांना त्यात आपला पक्ष सापडला. गीतात यासाठी एका अक्षराचाही फेरफार करावा लागला नाही.

दुसरा वर्ग काकूचा. बोलण्यात जे कार्य स्वराची ढब करते, तेच गीतात पुष्कळ अंशी वाद्यांची साथ करते. पॉल सायमन व आर्ट गार्फंकल या जोडीने ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ हे गीत 1964 मध्ये केवळ साध्या गिटारच्या साथीवर गायिले. ऑक्टोबर 1964 मध्ये ज्या संग्रहात ते समाविष्ट झाले, तो अपयशी ठरला. सायमन युरोपात जाऊन लहानसहान ठिकाणी गाऊ लागला. गार्फंकल कोलंबिया विद्यापीठातील अभ्यासाकडे वळला. मध्यंतरी बॉस्टन व फ्लॉरिडा येथील महाविद्यालयीन तरुणांत या गीताला मागणी असल्याचे दिसून आले. तेव्हा निर्माता टॉम विल्सन याने जून 1965 मध्ये मूळच्या ध्वनिमुद्रणावर विजेची गिटार, बास व ड्रम यांची साथ चढविली. गायकांना त्याची वार्ता नव्हती. सप्टेंबरमध्ये ही नवी तबकडी बाहेर पडली व जानेवारी 1966 च्या प्रारंभी ती बिलबोर्डच्या यादीत पहिली आली. एकमेकांपासून दूर गेलेले दोघे गायक या यशामुळे पुन्हा एकत्र आले.

येथे शब्द तेच, कंठ तेच, किंबहुना गायनाचा तो क्षणही तोच आहे. वेगळा आहे तो केवळ ठेका. परंतु त्या ठेक्यामुळे गीताची जात बदलली. साध्या गिटारवर ते लोकगीतांच्या मंडळीतले, एकांतात ऐकण्याचे गीत होते. नव्या साथीने ते नभोवाणीवर अन्य रॉक गीतांच्या शेजारी वाजण्याजोगे झाले, आणि माणसामाणसांतील संवाद तुटल्याचा त्याचा आशय मोठ्या समुदायापर्यंत पोहोचला.

नॉर्वेच्या ‘आ-हा’ या त्रयीचे ‘टेक ऑन मी’ हे गीत वरील दोन्ही वर्गांच्या सीमेवर येते. 1984 मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे पहिले रूप ब्रिटनमध्ये पडले. अॅलन टार्नी याच्या देखरेखीखाली ते पुन्हा मुद्रित झाले, तरी 1985 मधील पहिल्या प्रयत्नात या नव्या रूपालाही ब्रिटनमध्ये यश लाभले नाही. त्यानंतर दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन याने त्यावर एक चित्रफीत तयार केली. प्रत्यक्ष चित्रीकरणावरून पेन्सिलीने गिरवलेली सुमारे 3,000 चित्रे तीत वापरलेली असून, चित्रकथेच्या पानातून बाहेर येणारा नायक दाखविला आहे. ही चित्रफीत दूरचित्रवाणीवर दिसू लागल्यावर ऑक्टोबर 1985 मध्ये गीत अमेरिकेत पहिल्या स्थानी गेले आणि ब्रिटनमध्ये तिसऱ्या प्रकाशनात दुसऱ्या स्थानापर्यंत चढले. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकाशनांत ऐकू येणारे गीत एकच होते, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

तिसरा वर्ग देशाचा. स्मोकी रॉबिन्सन व ‘मिरॅकल्स’ यांचे ‘द टियर्स ऑफ अ क्लाउन’ हे गीत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने 1967 मध्ये एका संग्रहात घातले, परंतु त्याची स्वतंत्र तबकडी काढण्याइतके महत्त्व त्याला दिले नाही. 1970 मध्ये कंपनीच्या ब्रिटिश शाखेने ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. सप्टेंबरमध्ये ते ब्रिटनमध्ये पहिले आले. त्यानंतर अमेरिकेत त्याची तबकडी काढण्यात आली व डिसेंबरमध्ये ते मायदेशीही पहिले झाले. स्वगृही तीन वर्षे जे पडून होते, त्याची पारख परदेशातील श्रोत्यांनी करून दिली. रॉबिन्सन त्या काळात वृंद सोडण्याच्या विचारात होता. या यशानंतर तो 1972 पर्यंत वृंदात राहिला.

देश हा नेहमीच समुद्रापलीकडचा असावा लागतो असे नाही. टॉमी जेम्स याने शाळकरी वयात मिशिगन राज्यातील नाइल्स या गावी 1964 मध्ये ‘हँकी पँकी’ हे गीत मुद्रित केले. आसपासच्या परिसरात ते थोडेफार वाजले व विसरले गेले. वृंदातील मुले शाळा संपवून पांगली. पुढे पिट्सबर्ग येथील एका नृत्यकार्यक्रमांच्या संयोजकाला जुन्या तबकड्यांच्या ढिगात ही तबकडी सापडली. तेथील नभोवाणीवर ती इतकी गाजली की तिच्या चोरट्या प्रतीही निघाल्या. न्यूयॉर्कच्या रूलेट कंपनीने 1966 मध्ये ती देशभर वितरित केली आणि जुलैमध्ये ती यादीत पहिली आली. जुने सोबती परत येण्यास तयार नव्हते, म्हणून जेम्सला पिट्सबर्गमध्येच नवे वादक गोळा करून त्यांना ‘शॉन्डेल्स’ हे जुने नाव द्यावे लागले.

चौथा वर्ग कालाचा. ब्रिटनच्या ‘मूडी ब्लूज’ या वृंदाचे ‘नाइट्स इन व्हाइट सॅटिन’ हे संथ व भारदस्त गीत नोव्हेंबर 1967 मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये ते 19 व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. अमेरिकेत त्याला पहिल्या शंभरांतही प्रवेश मिळाला नाही. 1972 मध्ये पुनःप्रकाशित झाल्यावर मात्र ते अमेरिकेत दुसऱ्या स्थानापर्यंत गेले. मधल्या पाच वर्षांत गीतात बदल झाला नव्हता. श्रोत्यांच्या सवयींत झाला होता. 1968 मध्ये बीटल्सचे सात मिनिटांहून अधिक लांबीचे ‘हे जूड’ अमेरिकेत नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले होते, आणि संथ, विस्तृत, वाद्यमेळाने भरलेली रचना हा पॉप गीताचा एक मान्य प्रकार ठरत चालला होता. 1967 मध्ये जे चमत्कारिक वाटले, ते 1972 मध्ये परिचित प्रकारातील एक उत्तम गीत म्हणून ऐकले गेले.

या सर्व उदाहरणांवर एक आक्षेप संभवतो. दुसऱ्या प्रकाशनात यश पावलेली गीतेच स्मरणात राहतात; पुनःप्रकाशित होऊनही पुन्हा पडलेल्या गीतांची आठवण कोणी ठेवीत नाही. त्यामुळे केवळ यशस्वी उदाहरणे जमवून नियम बांधणे शास्त्रीय दृष्टीने धोक्याचे आहे. सुदैवाने या प्रश्नाचा खरोखरीचा प्रयोगही झालेला आहे. कोलंबिया विद्यापीठातील मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स व डंकन वॉट्स या संशोधकांनी 2006 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. अपरिचित वृंदांची 48 गीते 14,341 श्रोत्यांपुढे ठेवण्यात आली. काही श्रोत्यांना इतरांची पसंती दाखविली नाही. उरलेल्यांचे आठ स्वतंत्र गट करून प्रत्येकाला केवळ आपल्याच गटात कोणते गीत किती जणांनी घेतले, हे दिसेल अशी योजना केली. एकाच आरंभबिंदूपासून निघालेल्या या आठ गटांत त्याच गीतांची क्रमवारी निरनिराळी लागली. स्वतंत्र पसंतीत सर्वोत्तम ठरलेली गीते क्वचितच तळाला गेली व निकृष्ट ठरलेली क्वचितच वर आली. परंतु या दोन टोकांमधील गीतांचे भवितव्य काहीही होऊ शकत होते.

या निष्कर्षाच्या प्रकाशात प्रारंभी सांगितलेल्या दोन्ही मतांची मर्यादा स्पष्ट होते. गुणाला अर्थ नाही, असे म्हणता येत नाही. कारण अगदी निकृष्ट गीताला अनुकूल परिस्थितीही सहसा वर काढू शकत नाही. पण गुण स्वतःच्या बळावर प्रकट होतोच, हेही खरे नाही. प्रकाशन हा गीताचा एक उच्चार होय. कोणत्याही उच्चाराप्रमाणे तो विशिष्ट श्रोत्यांसमोर, विशिष्ट सान्निध्यात, देशात व काली होतो, आणि त्या उच्चाराला मिळालेला प्रतिसाद हा या सर्वांना मिळून दिलेला असतो. म्हणून पहिल्या प्रकाशनातील अपयश हे त्या उच्चारापुरते अपयश मानावे. त्यावरून गीताची किंमत ठरविणे योग्य नव्हे. जुन्या ग्रंथांच्या व नाटकांच्या समकालीन स्वागतावरून त्यांचे मूल्यमापन करणाऱ्या अभ्यासकानेही ही सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे.

या विलंबाचा भार मात्र कलावंतावर पडतो. जॅकी विल्सन याचे ‘रीट पेटीट’ हे 1957 चे गीत ब्रिटनमध्ये तेव्हा सहाव्या क्रमांकावर थांबले होते. मातीच्या बाहुल्यांच्या चलच्चित्राची जोड मिळून 1986 च्या डिसेंबरमध्ये ते तेथे पहिले आले, तेव्हा विल्सन याला जाऊन जवळजवळ तीन वर्षे झाली होती. दुसऱ्या उच्चाराचे फळ पहिल्या वक्त्याच्या पदरी पडेलच, अशी शाश्वती नसते.

शिवाय दुसरा उच्चार शक्य होण्यासाठी मूळ कृती कोठे तरी शिल्लक असावी लागते. ‘ब्लॅकबोर्ड जंगल’च्या निर्मात्यांना तबकडी मिळाली, विल्सन याला ध्वनिफीत मिळाली, पिट्सबर्गच्या संयोजकाला जुन्या तबकड्यांच्या ढिगात एक प्रत हाती लागली. ती प्रत मोडीत गेली असती तर ते गीत वाईट होते म्हणून विसरले गेले, असेच पुढील काळाने गृहीत धरले असते. ज्यांना आज मागणी नाही अशा ध्वनिमुद्रिका, हस्तलिखिते व लहान आवृत्त्यांची पुस्तके जतन करण्याचे काम ग्रंथालये व संग्रहालये करतात, त्याचे समर्थन या एका शक्यतेतच पुरेसे आहे.