एका भोकाची करामत

नांदेडजवळ मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, दुसरं लातूरला, आणि तिथून थोड्या अंतरावर चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं. त्यामुळे आमच्या मुलखात बंदुकीच्या गप्पा ओट्यावर बसून होतात. माझा भाचा मुदखेडला गेल्यापासून लातूरच्या अक्काला मात्र एकच घोर : "ऐन वेळी ती रायफल अडली म्हणजे?"

शेजारचे निवृत्त हवालदार चहाला आले होते. ते म्हणाले, "कसं हाय बघा अक्का, गोळी पुढं गेली की मागं वायू राहतो. त्या वायूलाच कामाला लावलंय."

जुन्या थ्री-नॉट-थ्रीला हे ठाऊक नव्हतं. दर गोळीनंतर बोल्ट हातानं मागेपुढे करायचा! 1962 साली चीनशी लढताना आपल्या जवानांच्या हाती हीच रायफल होती. पुढच्या रायफलींत नळीला एक बारीक भोक आलं. गोळी ते ओलांडून गेली की तापलेला वायू थोडासा त्यातून शिरतो, दट्ट्याला मागे रेटतो, बोल्ट उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवं काडतूस आत सरकतं.

आता वाचक विचारतील, वायू असा चोरला तर गोळीचा वेग घटणार नाही का? नाममात्र. चोरी होते ती गोळी पुढे निघून गेल्यावर, आणि तीही चिमूटभर. वेग ठरतो काडतुसावर आणि नळीच्या लांबीवर. अमेरिकेच्या एम-सोळा रायफलीची नळी 20 इंचांची, भोक सुमारे 13 इंचांवर. तिच्या धाकट्या बहिणीची, एम-फोरची, नळी साडेचौदा इंचांची आणि भोक आठ इंचांच्याही अलीकडे. काडतूस तेच, पण थोरलीची गोळी सेकंदाला सुमारे 950 मीटर जाते, धाकटीची सुमारे 900. पुष्कळजण याचं खापर भोकावर फोडतात. खरा फरक साडेपाच इंच नळीचा!

मग भोकाची जागा कशाला महत्त्वाची? कुकरची शिट्टी आठवा. वाफ कोंडलेली असताना कुणी झाकण ओढील का? भोक मागे असलं की वायू फार दाबानं येतो. पुंगळी फुगून नळीला चिकटलेली असते, तोच बोल्ट तिला हिसका देतो. धक्का वाढतो, भाग लवकर झिजतात. भोक पुढे नेलं तर काम सौम्य होतं. पण अगदी तोंडाशी नेलं तर गोळी लगेच बाहेर पडते, दाब ओसरतो, दट्ट्याला पुरता रेटा मिळत नाही आणि रायफल अर्ध्यातच अडते. वर सांगितलेल्या दोघींत भोकापासून तोंडापर्यंत जेमतेम सात इंच उरतात. गोळी ते अंतर सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात कापते. दट्ट्याला ढकलायला सवड तेवढीच.

पुण्याच्या पाषाणमधल्या संशोधन संस्थेत आराखडा झालेल्या इन्सासला, आणि तिच्याआधीच्या एसएलआरलाही, म्हणूनच वायू कमीजास्त करण्याची सोय ठेवलेली आहे. धूळ साचली, काजळी धरली की वायू थोडा वाढवायचा. "पण ती तात्पुरती मलमपट्टी," हवालदार म्हणाले. "आधी दट्ट्या काढून काजळी खरवडायची, मग नळीत चिंदी फिरवायची. भोक बुजलं तर गोळी सुटंल झोकात, पण दुसरी वर यायची नाही."