तांबड्या शाईची धास्ती

वणी म्हटलं की लोकांना कोळसा आठवतो, जुन्यांना लोकनायक बापूजी अणे. १८८० साली त्यांचा जन्म इथलाच. दिवाळीच्या सुटीत गल्लीतल्या चार मुलांना मी गूगल डॉक्सचं एकच पान उघडून दिलं. बापूजींवर दहा ओळी, चौघांनी मिळून. एकीनं लिहिलं, ‘ते बिहारचे राज्यपाल होते.’ दुसऱ्यानं लगेच विचारलं, ‘कधी? कशावरून?’ शोधाशोध झाली आणि १९४८ ते १९५२ ही सालं तिथं आली.

आमच्याकडे घरी ‘मले, तुले’ बोलणारं पोर वहीत लिहायला बिचकतं. घरी कोलामी बोलणाऱ्याची अडचण त्याहून मोठी. तांबड्या शाईची ही धास्ती! इथं मात्र ओळ मैत्रीण सुधारते, आणि आधीची ओळही मागे जपलेली राहते. २००३ पासूनचा मराठी विकिपीडिया असाच लिहिला जातो. प्रत्येक पानाच्या ‘इतिहासा’त कोणी काय बदललं ते दिसतं. मोठ्यांचंही चुकतं, हे मुलांना तिथं कळतं.

यंत्रानं सारं साधेल असं मात्र मुळीच नाही. मास्तर शेजारी नसले की एकजण लिहितो आणि तिघे नुसते बघतात.