एक चूल, दोन सात्म्ये : पतिपत्नींच्या आहारभेदाविषयी काही विचार



'पथ्य' हा शब्द आपण दिवसातून कितीतरी वेळा उच्चारतो. रुग्ण तपासून झाला की औषधयोजना लिहावी, खाली 'पथ्य' आणि 'अपथ्य' असे दोन रकाने करावेत आणि पुढील रुग्णास आत बोलवावे, हा आपला नित्यक्रम असतो. तो कागद रुग्ण घरी नेतो आणि बहुधा स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या हाती देतो. त्यानंतर त्या घरात काय घडते याची चौकशी आपल्यापैकी फार थोडे जण करतात. ज्या घरात पती आणि पत्नी दोन निरनिराळ्या प्रदेशांतील आहारसंस्कार घेऊन एकत्र आलेले असतात, तेथे तर हा कागद काही वेळा रोगापेक्षा जास्त त्रास देतो. हे मी ग्रंथवाचनातून शिकले नाही. स्वतःच्या घरात केलेल्या चुकीतून शिकले. म्हणूनच वैयक्तिक वाटणारा हा अनुभव येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

भात आणि भाकरी

माझे माहेर मालवणचे, सासर जळगावचे आणि व्यवसाय नाशिकला. माहेरी सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात, ओल्या नारळाच्या वाटपाची आमटी किंवा माशाचे कालवण, आंबटपणासाठी कोकम, असा आहार. सासरी ज्वारी-बाजरीची भाकरी, हिवाळ्यात वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी, सणावाराला वरण-बट्टी, वाटपात सुके खोबरे आणि काळा मसाला, ताटाच्या कडेला लसूण-मिरचीचा ठेचा. मासळी सासरी शिजतच नसे.

2006 साली विवाह झाल्यानंतर पहिली काही वर्षे हा भेद थट्टेचा विषय होता. पुढे त्यात माझी पदवी आली. भाकरी रूक्ष, ठेचा विदाही, काळा मसाला उष्ण-तीक्ष्ण, असे मी जेवताना सांगू लागले. भात लघु, कोकम पाचक, नारळ पित्तशामक, हेही सांगू लागले. नारळ गुरू आहे आणि मंदाग्नी असणाऱ्यास तो जड पडतो, हे मात्र मी सोयीस्करपणे गाळत असे. शास्त्राच्या नावाखाली मी स्वतःची आवडच पुढे करीत होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

2011 साली यजमानांना अम्लपित्ताचा त्रास सुरू झाला आणि मला जणू निर्विवाद पुरावाच मिळाला. मी रीतसर पथ्यपत्रक केले. भाकरी बंद, ठेचा बंद, लसूण बंद. दोन्ही वेळा मऊ भात, नारळाच्या दुधातील भाज्या, कोकमाचे सार. त्यांनी दोन महिने ते निमूटपणे पाळले. छातीतील जळजळ थोडी कमी झाली, पण मलावष्टंभ जडला, वजन घटले आणि जेवणातील रस गेला. एके दिवशी कळले की ते कामावर जाताना वाटेत मिसळ खाऊन जातात. मी चिडून बोलले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "औषध तू देशील ते घेतो. पण जेवायला बसलो की मी माझ्याच घरात पाहुणा आहे असं वाटतं."

या वाक्यावर माझ्याकडे कोणत्याही ग्रंथातील उत्तर नव्हते.

निदानातील चूक

त्याच सुमारास सासूबाई आमच्याकडे राहावयास आल्या. त्यांनी कोणतेही भाष्य न करता स्वयंपाकघर हाती घेतले. ज्वारीची ताजी भाकरी, वर गाईचे तूप, मुगाचे वरण, दोडक्याची कमी तिखटाची भाजी, आणि जेवण दुपारी साडेबारा व रात्री आठ वाजता. मुलाने ठेचा मागितला तर "पोट बरं झालं की खा" एवढेच उत्तर. तीन आठवड्यांत मलावष्टंभ गेला आणि जळजळही आटोक्यात आली.

मी पुन्हा चरकसंहितेचे विमानस्थान उघडले. पहिल्या अध्यायातील अष्टौ आहारविधिविशेषायतने आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. माझ्या पथ्यपत्रकात यांपैकी केवळ पहिल्याचा, म्हणजे द्रव्याच्या स्वाभाविक गुणांचा विचार होता. यजमान दुपारचे जेवण तीन वाजता आणि रात्रीचे साडेदहा वाजता, तेही घाईने घेत होते. दोष काल आणि उपयोगसंस्थेत होता. मी मात्र शिक्षा भाकरीला केली होती. आठवे आयतन, म्हणजे उपयोक्ता, त्याचे ओकसात्म्य, तर मी पूर्णच विसरले होते. जन्मापासून ज्वारीवर पोसलेल्या कोष्ठाला एका दिवसात भातावर आणणे हे पथ्य नव्हे.

देशसात्म्य ही लहर नव्हे

चरकांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात निरनिराळ्या प्रदेशांतील लोकांचे सात्म्य सांगितले आहे. प्राच्यांना मत्स्य, सैंधवांना दूध, अश्मक आणि अवंती येथील लोकांना तैल व अम्ल, दक्षिणेकडे पेया, मध्यदेशात यव, गोधूम व गोरस. चिकित्सा करताना या सात्म्याचा विचार करावा असा तेथील अभिप्राय आहे. हे वाचताना मला माहेरची सकाळची पेज आठवली. जी पेज मी बालपणीची आवड समजत होते, ती शास्त्राच्या दृष्टीने माझे देशसात्म्य होती. मग यजमानांची भाकरी ही निव्वळ जिभेची लहर कशी ठरेल?

द्रव्यावर देशाचा ठसा असतो हे तर आता कायद्यानेही मान्य केले आहे. 2016 साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. आमच्या घरातील दोन्ही पक्षांना एकाच वर्षी न्याय मिळाला, असे आम्ही गमतीने म्हणतो.

त्याच तिसाव्या अध्यायात आणखी एक मौलिक सूचना आहे. सातत्यामुळे किंवा स्वादहीनतेमुळे पथ्य नकोसे झाले, तर वेगवेगळ्या कल्पनांनी ते पुन्हा प्रिय करावे, असे आचार्य सांगतात. म्हणजे पथ्य रुचकर करणे हे स्वयंपाकघरावर सोपवून देण्याचे काम नसून चिकित्सेचेच अंग आहे.

एका चुलीवर दोन ताटे

दोघांसाठी दोन संपूर्ण स्वयंपाक करणे हा या प्रश्नावरील उपाय नाही. पुढील रीत आमच्या घरी अनेक वर्षे चालू आहे आणि रुग्णांनाही ती उपयोगी पडल्याचे आढळले आहे.

पहिली गोष्ट, पदार्थ संस्कारापर्यंत एकत्र न्यावा आणि संस्काराच्या वेळी वेगळा करावा. तुरीचे किंवा मुगाचे वरण हळद-हिंग घालून एकत्रच शिजते. नंतर त्याचे दोन भाग होतात. एकात ओले खोबरे आणि कोकम पडते, दुसऱ्यावर लसूण, जिरे आणि लाल मिरचीची फोडणी बसते. वांगी एकाच विस्तवावर भाजली जातात. अर्धी दह्यात कालवायची, अर्ध्यांत मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालायचे. श्रम सव्वापट होतात, दुप्पट नव्हे. ज्याला 'करण' म्हणतात त्याचे सामर्थ्य येथे प्रत्यक्ष दिसते.

दुसरी गोष्ट राशीची. तिखट, मीठ आणि आंबट शिजताना कमी ठेवावे आणि वाटीतून ताटात येऊ द्यावे. ठेचा भाजीत मिसळला तर तो सर्वांचा होतो, वाटीत राहिला तर ज्याचा त्याचा राहतो. रोगाच्या काळात तो किती घ्यावा हे मग बोटाच्या पेराने सांगता येते.

तिसरी गोष्ट संयोगाची, आणि येथे वैद्याने विशेष सावध राहावे. माझ्या ताटात मासळी असते आणि यजमानांच्या ताटात रात्री दूध-भाकरी. दोघांच्याही ताटांत विरुद्धाहार नाही. परंतु आमची कन्या लहान असताना आईच्या ताटातील माशाचा तुकडा खाऊन वडिलांच्या वाटीतील दूध-भाकरीचे घास घेई. मत्स्य आणि दूध यांचा विरोध सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात सांगितला आहे. तो आमच्या घरी दोन निर्दोष ताटांच्या मधोमध घडत होता. तेव्हापासून मासळीच्या दिवशी त्या जेवणात दूध नाही, असा नियम केला. मिश्र आहाराच्या कुटुंबातील मुलास त्वग्विकार असेल, तर ते मूल कोणाकोणाच्या ताटातून जेवते, हे अवश्य विचारावे.

चौथी गोष्ट, पदार्थ वेगळे असले तरी वेळ एक असावी. दोघे एकाच वेळी बसले की काल आणि उपयोगसंस्था आपोआप सांभाळल्या जातात.

बदल आवश्यक असेल तर

सात्म्य म्हणजे सर्व काही क्षम्य, असा याचा अर्थ मुळीच नाही. ओकसात्म्य झालेले अपथ्यही सोडावेच लागते. प्रश्न गतीचा आहे. चरकांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितलेला पादांशिक क्रम आणि वाग्भटांनी सांगितलेला पाद किंवा पादपाद, म्हणजे चौथा किंवा सोळावा हिस्सा, हा मार्ग येथे उपयोगी पडतो. अपथ्याचा एक अंश काढावा, त्या जागी पथ्याचा एक अंश ठेवावा, आणि एक, दोन, तीन दिवसांच्या अंतराने पुढे जावे. मी स्वतः याच क्रमाने रात्रीच्या भाताऐवजी ज्वारीची भाकरी खाऊ लागले आणि आता मला ती मानवते. यजमान उन्हाळ्यात कोकमाचे सार मागून घेतात. कोणीही कोणावर विजय मिळविलेला नाही.

रुग्ण कोण?

काही वर्षांपूर्वी एक तरुण दांपत्य चिकित्सालयात आले. पतीस प्रमेह असल्याने मी आहार बदलून दिला. महिन्याने त्याची साखर बरी होती, परंतु पत्नी शिरःशूल, कटिशूल आणि अरुची घेऊन आली. चौकशीत कळले की ती नोकरी सांभाळून पहाटे पाच वाजता उठते, मुलांसाठी एक, पतीसाठी दुसरा स्वयंपाक करते आणि स्वतः उभ्यानेच उरलेसुरले खाते. स्वतःच्या माहेरच्या पद्धतीचे काही शेवटचे कधी केले, हे तिला आठवेना. तिच्या व्याधीचा हेतू माझ्याच हस्ताक्षरात तिच्या पर्समध्ये होता.

त्या दिवसापासून पथ्य लिहिण्यापूर्वी मी चार प्रश्न विचारते. स्वयंपाक कोण करते? त्या व्यक्तीचे मूळ गाव कोणते? त्याच चुलीवर आणखी कोणाचे जेवण होते? जेवणाच्या वेळा काय? शक्य असेल तेव्हा पतिपत्नी दोघांनाही समोर बसवून पत्रक लिहिते. पाच मिनिटे अधिक जातात, पण पुढील भेटीत 'पथ्य झाले नाही' हे वाक्य क्वचितच ऐकावे लागते. त्या दांपत्याला वर सांगितलेली रीत समजावली. पती आता सकाळी भाज्या चिरून देतो आणि भाकऱ्याही थापू लागला आहे.

औषधालयचालक बंधू-भगिनींचाही यात मोठा वाटा आहे. चूर्णाची पुडी हाती देताना ग्राहक 'कशातून घेऊ?' असे हमखास विचारतो. लवणभास्कर ताकातून हे खरे, परंतु त्या घरी ताक होते का? हिंग्वष्टक पहिल्या घासाबरोबर तुपातून सांगताना तो पहिला घास भाताचा की भाकरीचा, हे विचारून सांगितले, तर ग्राहकास औषध आपल्या ताटातले वाटते आणि ते चुकत नाही. अनुपान घरात सहज मिळणारे नसेल, तर वैद्यास विचारून पर्याय द्यावा.

यजमानांच्या त्या वाक्याला आता बरीच वर्षे झाली. आमच्या जेवणाच्या मेजावर आज ठेच्याची वाटी आणि कोकमाची वाटी शेजारी शेजारी असतात. जेवायला बसण्यापूर्वी दोन्ही भरलेल्या आहेत ना, हे दोघांपैकी जो आधी येतो तो पाहतो. इत्यलम्.