ताप येऊन गेलाय? रक्त देताना सांगा

मैत्रिणींनो, गणपतीत भोर-वेल्ह्यात रक्तदान शिबिरं लागतात, आणि डेंग्यू-चिकुनगुनियाचे दिवसही तेच. फॉर्मवर ‘मागे काही आजार?’ विचारलं, की परत पाठवतील म्हणून आपण पटकन ‘नाही’ म्हणतो. इथंच चुकतं. रक्तपेढीत एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस, मलेरिया एवढ्या तपासण्या सक्तीच्या. डेंग्यू त्यात नाही. तिथं तुमचं खरं उत्तर हीच तपासणी. ताप चढण्याआधीच विषाणू रक्तात असतो, आणि प्लाझ्मा गोठवला तरी तो थंडीनं मरत नाही.

डेंग्यू किंवा चिकुनगुनिया पूर्ण बरा झाल्यावर सहा महिने थांबायचं, झिकानंतर चार. झिका लांबचा वाटतो ना? जुलै २०२१ मध्ये राज्यातली पहिली रुग्ण आपल्या शेजारच्या पुरंदरात, बेलसरला सापडली. पन्नाशीची बाई, सोबत चिकुनगुनियाही. ती बरी झाली. झिकात बऱ्याच जणांना काहीच त्रास होत नाही, म्हणून गावात साथ असेल तर धडधाकट असलात तरी सांगा.

आणि रक्त देऊन आल्यावर दोन-चार दिवसांत ताप आला, तर रक्तपेढीला लगेच फोन करा. पिशवी कुणाला चढवली नसेल, तर ती थांबवता येते.