विश्लेषण : स्तन कर्करोगाच्या उपचारांत फार्मासिस्टची भूमिका काय?

स्तन कर्करोगाची शस्त्रक्रिया काही तासांत होते, केमोथेरपी काही महिन्यांत संपते. गोळ्या मात्र अनेक रुग्णांना ५ ते १० वर्षे घ्याव्या लागतात. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कर्करोगावर उपचार होतात. काही रुग्ण मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जातात. मंडणगड असो वा राजापूर, दोन तपासण्यांमधल्या काळात डॉक्टर लांब असतात आणि औषधाचे दुकान जवळ. त्यामुळे औषध देणाऱ्याचे काम फक्त पाकीट हातात ठेवण्यापुरते उरत नाही.

केमोथेरपीपूर्वी काय तपासले जाते?

बहुतेक केमो औषधांचा डोस उंची आणि वजनावरून काढला जातो. उपचारादरम्यान वजन बरेच घटले, तर तो पुन्हा मोजावा लागतो. रुग्णालयातील फार्मासिस्ट डॉक्टरांनी लिहिलेला डोस, रक्तपेशींचे प्रमाण, यकृत आणि मूत्रपिंडाचे अहवाल पडताळून पाहतात. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. म्हणून आजवर दिलेल्या एकूण मात्रेची नोंद ठेवावी लागते. ट्रास्टुझुमॅबसाठी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको, वेळेवर झाली का, हेही पाहिले जाते.

घरी गेल्यावर कशाकडे लक्ष द्यावे?

केमोनंतर ताप १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त झाला, तर तापाची गोळी घेऊन वाट पाहू नये. त्याच वेळी रुग्णालयाशी संपर्क साधावा. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. डॉक्सोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ती औषधाच्या रंगामुळे. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या साधारणपणे १४ दिवस घेऊन ७ दिवस थांबायचे असते. गोळी जेवणानंतर अर्ध्या तासात घ्यावी. तळहात-तळपाय लाल होऊन सोलू लागले, तर लगेच कळवावे. भातशेतीत किंवा मासळीच्या कामात हात सतत ओले राहणाऱ्या महिलांनी हे विशेष जपावे.

गोळ्या मध्येच का सोडू नयेत?

हार्मोनवर वाढणाऱ्या स्तन कर्करोगात टॅमॉक्सिफेन ५ वर्षे घेतल्यास पहिल्या १५ वर्षांत या आजाराने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. पण अंगातून वाफा येणे किंवा लेट्रोझोलमुळे सांधे दुखणे याला कंटाळून काही जणी कुणाला न सांगता गोळी बंद करतात. पुढच्या महिन्याचे पाकीट न्यायला कोण आले नाही, हे फार्मासिस्टच्या सर्वांत आधी लक्षात येऊ शकते. फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन यांसारखी नैराश्यावरील औषधे टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात; हा मेळही त्यांनीच पाहायचा असतो.

फार्मासिस्ट डोस बदलू शकतात का?

नाही. तो अधिकार डॉक्टरांचा. मात्र २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार रुग्णाला औषधाची माहिती देणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम आहे. खर्चाची अडचण असल्यास जेनेरिक पर्यायाची आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी.

रुग्णांनी काय करावे?

रक्तदाब, मधुमेह, काढे, आयुर्वेदिक गोळ्या अशा सर्व औषधांची एकच यादी करून तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. प्रत्येक वेळी औषध घेताना तो दाखवावा आणि त्रास होत असल्यास गोळी बंद करण्याआधी विचारावे.