मामाचा मेलर

शुक्रवारी ऑफिसातून निघता निघता मामाचा फोन. "अरे, माझी ती जुनी हार्ड डिस्क चालू करून देतोस का? बाळ्याची पत्रं आहेत त्यात." बाळ्या म्हणजे मामाचा पुण्याचा जिगरी दोस्त. दोन महिन्यांपूर्वी गेला. नाही कसं म्हणणार? वीकेण्डचा सिनेमा कॅन्सल!

ही पत्रं म्हणजे ई-मेल नव्हे बरं का. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य माणसाला इंटरनेट दिलं, त्याच्या आधीपासून आपल्याकडे बीबीएसवाली मंडळी होती. घरचाच पीसी, घरचाच फोन, एका वेळी एकच पाहुणा. रात्री हे पीसी एकमेकांना फोन लावून डाक पोचवायचे. टॉम जेनिंग्जने १९८४ मध्ये अमेरिकेत सुरू केलेलं फिडोनेट ते हेच. फोन उचलायचा, पलीकडे माणूस आहे की दुसरं मशीन ते ओळखायचं आणि डाक घ्यायची, हे काम मेलरचं. मामाचा मेलर होता फ्रंटडोअर.

लॅमिंग्टन रोडवरून आयडीई-टू-यूएसबी अडॅप्टर आणला. डिस्क फिरली, हुश्श! पण माझ्या ६४ बिट विण्डोजने फ्रंटडोअर उघडायला साफ नकार दिला. १६ बिटवाली डॉसची प्रोग्रॅम्स तिथे चालतच नाहीत. मग डॉसबॉक्स टाकलं. ते पीसीच्या आत जुना पीसी उभा करतं, आणि सेटिंगमध्ये 'सीरियल१=मोडेम' लिहिलं की खोटा मोडेमही देतं. तरी मेलर गप्प. दोन तास डोकं आपटल्यावर कळलं, आधी फॉसिल ड्रायव्हर लोड करायला हवा, त्याशिवाय मेलर मोडेमशी बोलत नाही. (नाव तरी बघा, फॉसिल!)

मग खरी गंमत. दोन डॉसबॉक्स उघडले, एक मामाचा, एक बाळ्याचा. बारा आकडी फोन नंबर दिला की डॉसबॉक्स तो आयपी पत्ता समजतं. म्हणजे १२७००००००००१ फिरवा, पुढे पोर्टचे आकडे जोडा, की फोन आपल्याच मशीनवर! रात्री दीडला रिंग वाजली आणि स्क्रीनवर 'कनेक्ट' आलं. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

आता माझी फजिती ऐका. पत्रांच्या फायली .एमएसजी होत्या. सुरुवातीला १९० बाइट्सचं हेडर, पुढे सरळ मजकूर. नोटपॅडमध्ये दोन मिनिटांत वाचता आल्या असत्या! रविवारी मामाला हे सांगितलं, तर म्हणाला, "नोटपॅडमध्ये नको. तिथेच वाचू दे." खुर्ची ओढून फ्रंटडोअरसमोर बसला. बोटांना सगळी बटणं पाठ होती. एका पत्रापाशी थांबला आणि मोठ्याने वाचू लागला. "काल पुन्हा वहिनींनीच फोन उचलला. माझा मोडेम त्यांच्या कानात किंचाळला. माझ्या वतीने माफी माग."

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अजून मागितली नाहीये."