बाँडपटांचे बलस्थान कोणते?

‘डॉ. नो’ (१९६२) ते ‘नो टाइम टू डाय’ (२०२१) या २५ अधिकृत बाँडपटांच्या चाहत्यांत जुने दोन तट आहेत. एकाला युक्त्या, विनोद आणि गाड्या हव्यात; दुसऱ्याला ‘कॅसिनो रॉयाल’मधला (२००६) जखमी होणारा, हळवा बाँड. त्या चित्रपटात बाँडला युक्तीची साधने पुरवणारा क्यू नव्हता. तो ‘स्कायफॉल’मध्ये (२०१२) परतला, म्हणजे पहिल्या तटाची मागणी निर्मात्यांनाही डावलता आली नाही.

गाड्यांचा मुद्दा पिंपरी-चिंचवडला जवळचा. टाटा मोटर्सने २००८मध्ये जग्वार-लँड रोव्हर घेतली आणि २०११पासून पुण्यात लँड रोव्हरची जुळणी सुरू झाली. ‘स्कायफॉल’मध्ये बाँडची सहकारी मनीपेनी लँड रोव्हर डिफेंडर चालवते, तर ‘स्पेक्टर’मध्ये (२०१५) जग्वार सी-एक्स७५ खलनायकाच्या हाताखालच्या मारेकऱ्याकडे असते. बाँडची खास ओळख मात्र अॅस्टन मार्टिनचीच राहिली.

शेवटच्या चित्रपटात बाँड मरतो. त्यामुळे पुढचा बाँड तरुण असावा की कथाच शीतयुद्धाच्या काळात न्यावी, हा वाद पेटला. दुसरा पर्याय अधिक धाडसी. २०२५मध्ये मालिकेचे सर्जनशील नियंत्रण अॅमेझॉनकडे गेले. पुढील चित्रपटाचे दिग्दर्शन डेनी व्हिलनव्ह यांच्याकडे सोपवण्यात आले आहे.